टेबल टेनिसच्या बॅटला रबर चिकटवायला पंक्चरचं सोल्युशन का चालत नाही?

समजा, गडचिरोलीतल्या एका मुलीने बॅटसाठी नवं रबर ऑनलाइन मागवलं. कुरिअर आलं, पण सोबत गोंद नाही. स्पर्धा चार दिवसांवर. घरातलं कोणीतरी म्हणतं, "सायकलवाल्याकडून पंक्चरचं सोल्युशन आण, घट्ट बसेल." एकेकाळी जगातले अव्वल खेळाडू नेमकं हेच करायचे. आज मात्र ते नियमात बसत नाही आणि तब्येतीलाही घातक आहे.

रबर वेगळं का येतं?

चांगल्या बॅटमध्ये लाकडी ब्लेड, त्यावर स्पंज आणि स्पंजवर रबराचा पातळ थर असतो. ब्लेड वर्षानुवर्षं टिकतं. रबर मात्र गुळगुळीत होतं, त्याची पकड जाते आणि ते बदलावं लागतं.

स्पंजने जगाचं लक्ष वेधलं ते मुंबईत. १९५२ साली इथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत जपानचे हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन उतरले. चेंडू बॅटला लागल्याचा नेहमीचा आवाजच येईना, त्यामुळे समोरच्याला वेगाचा अंदाज येईना. सातो पुरुष एकेरीत विजेते ठरले. पुढे १९५९ मध्ये नियम आला. नुसता स्पंज चालणार नाही, त्यावर रबर हवंच आणि गोंद धरून जाडी ४ मिलिमीटरपेक्षा जास्त नको.

सोल्युशनवर बंदी का आली?

१९७० च्या दशकात युरोपातल्या खेळाडूंच्या लक्षात आलं की, पंक्चरच्या सोल्युशनमधला द्रव स्पंजमध्ये मुरतो, स्पंज फुगतो आणि वरचं रबर ताणलं जातं. चेंडू जास्त वेगाने सुटतो. हा परिणाम काही तासच टिकतो, म्हणून मॅचआधी पुन्हा पुन्हा गोंद लावला जायचा. बंद खोलीत त्याची वाफ नाकात जायची. अशा वाफेने डोकं दुखतं, चक्कर येते आणि सतत संपर्क आला तर शरीराला इजा होते.

म्हणून आंतरराष्ट्रीय महासंघाने १ सप्टेंबर २००८ पासून असे गोंद बंद केले. मोठ्या स्पर्धांमध्ये बॅट यंत्राने तपासली जाते. आता पाण्यावर आधारित गोंद वापरतात. सुतारकामाचा पांढरा गोंदही नको. तो कडक होतो आणि पुढच्या वेळी रबर काढताना लाकडाचे तुकडे निघतात.

मग रबर चिकटवायचं कसं?

१. जुनं रबर मुठीच्या बाजूने हळूहळू सोलून काढा. ब्लेडवरचा जुना गोंद बोटाने चोळला की सुटतो.

२. स्पंजवर आणि ब्लेडवर गोंदाचा पातळ, सारखा हात द्या. स्पंज गोंद शोषतो, त्याला दुसरा हात लागू शकतो.

३. दुधासारखा गोंद पारदर्शक होईपर्यंत थांबा. ओला असताना चिकटवलं की फुगे राहतात.

४. मान्यतेचा शिक्का मुठीकडे ठेवून तिथून रबर बसवत जा. ते ताणू नका. वरून लाटणं फिरवा.

५. रात्रभर पुस्तकांखाली दाबून ठेवा, मग धारदार ब्लेडने कडा कापा.

चंद्रपूर-गडचिरोलीत काय लक्षात ठेवायचं?

चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा हवेत गोंद लावतानाच सुकू लागतो आणि गाठी होतात. त्यामुळे हे काम पहाटे, पंखा बंद ठेवून करावं. पावसाळ्यात उलटं होतं. हवा दमट असल्याने गोंद सुकायला बराच वेळ लागतो, तिथे घाई करू नये. चिकटवलेली बॅट उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नये.

रबर मागवतानाच गोंदाची छोटी बाटली मागवली, तर सायकलच्या दुकानात जायची वेळ येत नाही. आणि गोंद वेळेत आलाच नाही, तर ती स्पर्धा जुन्या रबरनेच खेळावी.