तिथी विचारून पाण्यात उतरा

तारकर्लीला जाणारा पाहुणा खोलीचे भाडे विचारतो, सुरमईचा भाव विचारतो. तिथी विचारत नाही. आम्हा मुसलमानांच्या घरी चांदाची तारीख मोजतात, शेजारी तिथी. दर्याला दोन्ही सारखेच, कारण चंद्र एकच! कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला साधारण सहा, एकादशीला सव्वाआठ. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला पाण्याची ओढ सर्वांत जास्त.

त्याहून फसवी गोष्ट वेगळीच. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जाताना एखादी अरुंद वाट धरते. तिथे लाट फुटत नाही, पाणी शांत, जरासे गढूळ दिसते. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. हा प्रवाह तळाशी ओढत नाही, आत नेतो. माणूस किनाऱ्याकडे सरळ पोहून दमतो आणि मग बुडतो. अशा वेळी किनाऱ्याला समांतर पोहावे, ओढ संपली की लाटांबरोबर बाहेर यावे. तेवढे बळ नसेल तर तरंगत राहून हात वर करावा. मुरूडला १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. पावसाळा नव्हता, वादळही नव्हते.

बनाना बोट तर गंमत म्हणून मुद्दाम उलटवतात. म्हणून जॅकेटचे सगळे पट्टे बांधा आणि सोबत्याला ते खांद्यांशी धरून वर ओढायला सांगा. कानांपर्यंत सरकले, तर दुसरे मागा.