पहिले महायुद्ध : कारणे व प्रारंभ

यूरोपातील बड्या सत्तांच्या दोन गटांत २८ जुलै १९१४ ते ११ नोव्हेंबर १९१८ या काळात झालेले युद्ध. ऑस्ट्रिया-हंगेरी व सर्बिया यांच्यातील तंट्याचे एका आठवड्यात यूरोपव्यापी युद्धात रूपांतर झाले. त्याची कारणे त्यापूर्वीच्या चाळीस वर्षांच्या राजकारणात शोधावी लागतात. परंतु तंटा ज्या वेगाने विकोपास गेला, तो वेग लष्करी योजना व रेल्वेची वेळापत्रके यांनी ठरविला.

१८७०-७१ च्या युद्धात जर्मनीने फ्रान्सकडून आल्सेस व लॉरेनचा काही भाग घेतला. फ्रान्सला एकाकी ठेवण्यासाठी बिस्मार्कने १८७९ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीशी व १८८२ मध्ये इटलीसह त्रिपक्षीय करार केला. रशियाशीही त्याने गुप्त संधान राखले होते. १८९० मध्ये तो पदावरून दूर होताच रशियाशी असलेल्या कराराचे नूतनीकरण जर्मनीने नाकारले. परिणामी फ्रान्स व रशिया १८९४ पर्यंत लष्करी कराराने एकत्र आले. १८९८ पासून जर्मनीने आरंभिलेल्या नौदलवाढीमुळे ब्रिटन साशंक झाले आणि त्याने फ्रान्सशी (१९०४) व रशियाशी (१९०७) समझोते केले. मोरोक्कोवरील दोन पेचप्रसंगांनी (१९०५ व १९११) हे समझोते दृढ केले. तथापि ते लष्करी करार नव्हते. ब्रिटन युद्धात उतरेल की नाही, हे अखेरपर्यंत संदिग्ध राहिले व त्यामुळे बर्लिनमधील भ्रामक अपेक्षांना वाव मिळाला.

ठिणगी मात्र बाल्कन प्रदेशात पडली. १८७८ पासून ऑस्ट्रियाच्या ताब्यात असलेला बॉस्निया त्याने १९०८ मध्ये आपल्या साम्राज्यात विलीन केला. तेथील सर्ब लोकसंख्येमुळे सर्बिया संतप्त झाला; जपानकडून नुकत्याच पराभूत झालेल्या रशियाला मात्र माघार घ्यावी लागली. पुन्हा अशी मानहानी सोसावयाची नाही, ही भावना रशियन दरबारात तेव्हापासून बळावली. बाल्कन युद्धांत (१९१२-१३) सर्बियाचा प्रदेश जवळजवळ दुप्पट झाला आणि बहुवांशिक ऑस्ट्रियन साम्राज्याला त्याचा धोका वाटू लागला.

२८ जून १९१४ रोजी सारायेव्हो येथे ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फेर्डिनांट व त्याची पत्नी सोफी यांची गाव्रीलो प्रिंत्सिप या बॉस्नियन सर्ब तरुणाने हत्या केली. कटवाल्यांना शस्त्रे बेलग्रेडमधील ‘काळा हात’ या गुप्त संघटनेकडून मिळाली होती व तिचा सूत्रधार सर्बियन लष्करी गुप्तचर खात्याचा प्रमुख होता. ५ जुलैला जर्मनीने ऑस्ट्रियास निःसंदिग्ध पाठिंब्याचे आश्वासन दिले. तरीही ऑस्ट्रियाचा ४८ तासांच्या मुदतीचा निर्वाणीचा खलिता २३ जुलैपर्यंत निघाला नाही. या विलंबात हत्येमुळे ऑस्ट्रियाला लाभलेली सहानुभूती ओसरली. सर्बियाने बहुतेक मागण्या मान्य केल्या. आपल्या भूमीवरील चौकशीत ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांचा सहभाग मात्र नाकारला. हे उत्तर २८ जुलैला वाचून, आता युद्धाचे कारण उरले नाही, असा अभिप्राय स्वतः कैसर दुसरा व्हिल्हेल्म याने नोंदविला. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले.

येथून पुढे मुत्सद्द्यांच्या हातून सूत्रे निसटत गेली. झार दुसरा निकोलस याने २९ जुलैला सार्वत्रिक सैन्यसज्जतेचा हुकूम काढून त्याच रात्री मागे घेतला. परंतु केवळ ऑस्ट्रियापुरती सज्जता केल्यास संपूर्ण सज्जतेची व्यवस्था विस्कटेल, असे सेनापतींचे म्हणणे पडले व ३० तारखेस तो हुकूम पुन्हा निघाला. रशियाच्या दृष्टीने सज्जता म्हणजे अद्याप युद्ध नव्हते. जर्मनीच्या दृष्टीने तसा भेदच उरला नव्हता. रशियाची जमवाजमव संथ असल्याने तत्पूर्वी सहा आठवड्यांत बेल्जियममार्गे फ्रान्सला नमवावयाचे, ही श्लीफेनच्या विचारांवर आधारलेली योजना होती आणि तीत सुरुवातीच्या काही दिवसांतच बेल्जियममधील लिएझचे किल्ले घेणे अपरिहार्य होते. १ ऑगस्टला, फ्रान्सवर हल्ला न झाल्यास ब्रिटन तटस्थ राहील, अशी वार्ता लंडनहून येताच कैसरने सारे सैन्य पूर्वेस वळविण्यास सांगितले. वर्षभर खपून आखलेली वाहतूक अशी बदलता येणार नाही, असे सरसेनापती धाकटा मोल्टके याने उत्तर दिले. ते शक्य होते, असे युद्धानंतर जर्मन लष्करी रेल्वेच्या एका सेनाधिकाऱ्याने प्रतिपादिले आहे. ती वार्ताही गैरसमजातून आलेली होती.

जर्मनीने १ ऑगस्टला रशियाविरुद्ध व ३ ऑगस्टला फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले. ४ ऑगस्टला जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरताच, १८३९ च्या तहाने त्या देशाच्या तटस्थतेस बांधलेले ब्रिटनही युद्धात उतरले. युद्धाची जबाबदारी व्हर्सायच्या तहाने जर्मनी व तिच्या मित्रांवर टाकली. १९६१ मध्ये फ्रिट्स फिशर या जर्मन इतिहासकाराने जर्मनीच्या विस्तारवादावर बोट ठेवून हा वाद पुन्हा पेटविला. अलीकडील अनेक अभ्यासक ती सर्व सत्तांत वाटून देतात. तथापि जुलैमध्ये व्हिएन्ना व बर्लिन यांनी जाणूनबुजून पत्करलेला धोका मोठा होता, हे नाकारता येत नाही.

पश्चिमेस लिएझचे किल्ले ४२ सेंमी. तोफांच्या माऱ्याने १६ ऑगस्टपर्यंत पडले व २० तारखेस ब्रुसेल्स गेले. लूव्हँ येथे जर्मनांनी विद्यापीठाचे ग्रंथालय जाळले. नागरिकांच्या कत्तलीही झाल्या. लॉरेन व आर्देनमध्ये चढाई करणाऱ्या फ्रेंचांचे एकट्या २२ ऑगस्टला सु. २७,००० सैनिक ठार झाले. पण जर्मनांची उजवी बगल जसजशी पुढे सरकली, तसतशी ती रेल्वेच्या टोकापासून दूर पडली व सैनिक पायी चालून थकले. क्लुकच्या सेनेने पॅरिसच्या पूर्वेस वळून आपली बाजू उघडी टाकली. मार्न नदीवरील लढाईत (५–१२ सप्टेंबर) दोन जर्मन सेनांमधील खिंडारात ब्रिटिश व फ्रेंच सैन्य शिरले आणि जर्मनांना एन नदीपर्यंत माघार घ्यावी लागली. पॅरिसच्या टॅक्सींनी नेलेले सैनिक या लढाईच्या आख्यायिकेचा भाग बनले असले, तरी बहुसंख्य सैन्य रेल्वेने वा पायी गेले होते. मोल्टकेच्या जागी फाल्केनहाइन आला. एकमेकांस उत्तरेकडून वळसा घालण्याचे प्रयत्न ईप्रच्या लढाईपाशी संपले आणि स्वित्झर्लंडच्या सीमेपासून उत्तर समुद्रापर्यंत खंदक खणले गेले.

पूर्वेस रशिया अपेक्षेपूर्वीच पूर्व प्रशियात शिरला. टॅननबर्ग येथे (२६–३० ऑगस्ट) हिंडेनबुर्ख व लूडेनडोर्फ यांनी रशियाची दुसरी सेना नष्ट केली. तिच्या मदतीस म्हणून पश्चिमेकडून हलविलेल्या दोन जर्मन कोअर मात्र लढाई आटोपल्यावर पोहोचल्या आणि मार्नवर त्यांची उणीव भासली. गॅलिशियात ऑस्ट्रियाचा दारुण पराभव झाला. ज्या सर्बियाच्या पारिपत्यासाठी युद्ध आरंभिले, त्यानेही डिसेंबरमध्ये बेलग्रेड परत घेतले.

हिंदुस्थानच्या वतीने युद्धाची घोषणा व्हाइसरॉयने हिंदी लोकमत न अजमावता केली. सप्टेंबरअखेर हिंदी पलटणी मार्सेला उतरल्या व ऑक्टोबरमध्ये फ्लँडर्सच्या खंदकांत गेल्या. ऑक्टोबरअखेर तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात आल्यावर इराणी आखातातील तेलक्षेत्राच्या रक्षणार्थ सहावी (पुणे) डिव्हिजन मेसोपोटेमियात धाडण्यात आली. तीत ११० वी व ११७ वी मराठा पलटण होती. या डिव्हिजनने २२ नोव्हेंबरला बसरा व ९ डिसेंबरला कुर्ना घेतले.