ट्रॅक्टरचे ढिले स्टिअरिंग : वेळीच दुरुस्ती, अल्प खर्च

बैलाचा कासरा झिजून तुटण्याच्या बेतास आला, तर शेतकरी त्याच दिवशी नवा कासरा बांधतो. तोच शेतकरी ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगची ढिलाई मात्र महिनोन्‌महिने चालवून घेतो. “थोडा प्ले आहे, पण हाताला सवय झाली आहे, साहेब,” असे उत्तर मागील गळीत हंगामात एका ऊस वाहतूकदाराने मला दिले. तपासून पाहता, टाय रॉडच्या एका टोकास स्प्लिट पिनेऐवजी वाकवलेला खिळा घातलेला आढळला. मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या होत्या आणि पुढे कालव्याकाठचा रस्ता होता!

हाताला सवय होणे, हाच यातील खरा धोका होय. ढिलाई रोज किंचित वाढते व चालक नकळत तिच्याशी जुळवून घेतो. त्यामुळे सांधा निखळेपर्यंत त्याला भय वाटत नाही.

ढिलाई कशी मोजावी?

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून पुढची चाके सरळ ठेवावीत. स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे फिरवावे आणि पुढची चाके हलू लागेपर्यंत ते किती मोकळे फिरते, हे खडूच्या खुणांनी मोजावे. पॉवर स्टिअरिंग असल्यास ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवून, ब्रेक लावून व चाकांना उटी देऊन, इंजिन सुरू असताना ही परीक्षा करावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ अन्वये ही ढिलाई ३० अंशांहून अधिक असू नये. ४० सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगच्या कडेवर हे अंतर सुमारे १० सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वीत भरते. तथापि ही कायद्याची शेवटची मर्यादा आहे. आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले मापच पाळणे श्रेयस्कर.

दोष कोठे असतो?

एकाने स्टिअरिंग हलवावे व दुसऱ्याने बाजूस उभे राहून प्रत्येक सांधा पाहावा. त्यानंतर इंजिन बंद करावे, पुढचा आस जॅकवर उचलून त्याखाली भक्कम ठोकळा द्यावा आणि चाक हाताने हलवावे. पुढून-मागून धरून हलवताना खडखडले, तर बहुधा टाय रॉडची टोके झिजलेली असतात. वरून-खालून धरून हलवताना खडखडले, तर चाकाचे बेअरिंग किंवा किंगपिनचे बुश संशयास्पद समजावे. हे सर्व ठीक असूनही ढिलाई राहिली, तर दोष स्टिअरिंग बॉक्समध्ये शोधावा.

दुरुस्तीचा खर्च

ग्रीस सर्वांत स्वस्त. चिखलणीनंतर सांधे धुऊन नवे ग्रीस भरले नाही, तर आत शिरलेला चिखल कानशीप्रमाणे धातू घासतो. टाय रॉडची टोके बदलण्याचा खर्च त्यामानाने किरकोळ असतो. किंगपिन व बुश यांस त्याहून अधिक पैसे व वेळ लागतो, आणि स्टिअरिंग बॉक्स उघडावा लागल्यास खर्च हजारांवर जातो. ढिल्या सांध्यांमुळे पुढचे टायर वेडेवाकडे झिजतात, तो तोटा वेगळाच. म्हणून मिस्त्रीकडून प्रथम नेमका दोष समजून घ्यावा, खर्चाचा अंदाज लिहून घ्यावा व बदललेला जुना भाग परत मागावा. टोके बदलल्यावर पुढच्या चाकांचे अलाइनमेंट अवश्य करून घ्यावे. झिजलेल्या बॉल जॉइंटला वेल्डिंग करणे किंवा ढिलाई लपविण्यासाठी बॉक्सचा स्क्रू अति आवळणे, ही बचत नव्हे. ते संकटास आमंत्रण होय.

दुरुस्तीपर्यंत काय करावे?

सांधा निखळू पाहत असेल किंवा पीन नसेल, तर ट्रॅक्टर जागचा हलवू नये, मिस्त्रीसच बोलवावे. ढिलाई अल्प असल्यास, केवळ दुरुस्तीस नेण्यापुरता, दिवसाउजेडी, ट्रॉली सोडून व मंद गतीने ट्रॅक्टर न्यावा. भरलेली ट्रॉली जोडू नये. तिच्या भाराने ट्रॅक्टरची पुढची बाजू हलकी होते आणि आधीच ढिले असलेले स्टिअरिंग अधिकच निरुपयोगी ठरते.

वर सांगितलेल्या वाहतूकदाराने त्या दिवशी ट्रॉल्या तेथेच सोडल्या. त्याची एक खेप बुडाली. पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कामावर होता. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावातील ट्रॅक्टर एका सकाळी एकत्र आणून ही अर्ध्या वितीची परीक्षा करवावी. त्यास खडूच्या तुकड्याहून अधिक साहित्य लागत नाही.