आधी विंडोजची मनधरणी

नव्या लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी उबुंटू बसवायला अर्धा तासही पुरतो. वेळ खातं ते विंडोजला थोडं सरकून बसायला राजी करणं. भाचीला कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी लिनक्स हवं होतं आणि घरच्या दुकानाची टॅली विंडोजवर, म्हणून एका रविवारी हे काम घेऊन बसलो.

पहिला अडसर बिटलॉकरचा. विंडोज 11 मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्यातून लॉगिन केलं की बहुतेक नव्या लॅपटॉपची डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. पुढे बूटच्या सेटिंगला हात लागला की निळ्या स्क्रीनवर 48 आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती आधीच खात्यातून काढून घ्यायची. मी कागदावर उतरवायला घेतली तर भाची म्हणाली, “मामा, आपल्या घरात कागदच हरवतात,” आणि तिने मोबाइलवर फोटो काढला. दोन्ही ठेवले.

मग जागा. 512 जीबीची डिस्क विंडोजला 476 दिसते, कारण ते हिशेब 1024 च्या पटीत करतं. त्यातली बरीचशी रिकामी होती, तरी ‘श्रिंक व्हॉल्यूम’ थोडीच जागा सोडायला तयार. पेजिंग आणि हायबरनेशनच्या फायली मध्येच ठाण मांडून बसलेल्या असतात, त्यांच्या अलीकडे पार्टिशन आक्रसत नाही. हायबरनेशन बंद केलं, पेजिंग तात्पुरतं काढलं, रीस्टार्ट केलं आणि हवी तेवढी जागा सुटली. हायबरनेशन गेलं की फास्ट स्टार्टअपही जातं, हा वरचा फायदा. ते चालू असताना ‘शटडाउन’ केलेलं विंडोज खरं तर अर्धवट झोपलेलं असतं आणि लिनक्सला त्या पार्टिशनवर धड लिहिता येत नाही.

पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉलर सुरू केला तर डिस्कच दिसेना. बायोसमध्ये स्टोरेज इंटेलच्या आरएसटी मोडवर होतं. ते एएचसीआय करायचं, पण थेट बदललं तर विंडोज बूट होत नाही. म्हणून आधी विंडोजला पुढचं बूट सेफ मोडमध्ये करायला सांगायचं, मग बायोस बदलायचं. सेफ मोडमध्ये एकदा उघडलं की त्याला योग्य ड्रायव्हर सापडतो. वाटेत निळी स्क्रीन आलीच. भाचीने फोटो बघून आकडे वाचले, मी टाइप केले.

त्यानंतरचं सगळं सरळ. सिक्युअर बूट बंद करावं लागतं असं अजूनही सांगतात, पण उबुंटूच्या शिम या बूटलोडरवर मायक्रोसॉफ्टचीच सही असते, त्यामुळे ते चालू ठेवूनच काम झालं. दुसऱ्या दिवशी विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे. उबुंटू हार्डवेअरच्या घड्याळात यूटीसी लिहितं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. उबुंटूला एक कमांड देऊन लोकल वेळ ठेवायला लावली. रजिस्ट्रीतून विंडोजला सुधारणं मला जास्त पटतं, पण मशीन तिची.

इन्स्टॉलरचा पेन ड्राइव्ह मात्र पुसू दिला नाही; कधी लिनक्स उघडेनासं झालं तर लागेल. ऑगस्ट 2024 मध्ये विंडोजच्या एका अपडेटने जुने शिम बाद ठरवले. दोन सिस्टिम असलेल्या मशीनना ते लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं, तरी अनेकांचं लिनक्स उघडेना. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्समध्ये शिरायचं, तो नियम पुसायचा आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करायचं, असा तेव्हाचा उपाय होता. सिक्युअर बूटची सेटिंग बायोसमध्ये असते, म्हणून बायोसच्या पासवर्डाची चिठ्ठी तिच्या आईकडे दिली आहे.