आशियाचे तिकीट हंगामाच्या बेरजेवर

कापसाच्या एका वेच्यावरून कोणी एकरी उतारा ठरवत नाही. सगळे वेचे घरात आले की हिशेब लागतो. फुटबॉलचा संघ आशिया खंडाच्या क्लब स्पर्धेत कसा जातो, हेही असेच आहे.

इंडियन सुपर लीगचा २०१९-२० चा हंगाम घ्या. दहा संघ होते. प्रत्येकाने उरलेल्या नऊ संघांशी दोनदा, म्हणजे १८ सामने खेळायचे. विजयाला ३ गुण, बरोबरीला १, हरल्यास शून्य. एफसी गोवा ३९ गुणांनी पहिला आला. नंतरच्या बाद फेरीत मात्र तो उपांत्य सामन्यांत हरला आणि अंतिम सामना कोलकात्याच्या एटीके संघाने जिंकला. तरी आशियाई चॅम्पियन्स लीगची जागा गोव्यालाच मिळाली, कारण ती साखळीत अव्वल येणाऱ्यासाठी ठेवलेली होती. २०२१ मध्ये तिच्या गटसाखळीत खेळणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. पुढच्या हंगामात मुंबई सिटी अव्वल आला. २०२२ मध्ये रियाधला जाऊन त्याने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवले. या स्पर्धेच्या गटसाखळीतील भारतीय क्लबचा हा पहिला विजय.

नुसत्या गुणांवर भागत नाही. क्लबला परवाना लागतो. त्यासाठी मैदान, शिकलेले प्रशिक्षक, लहान मुलांचे संघ आणि चोख हिशेब तपासले जातात.

गावोगावच्या बाद स्पर्धेत एकदा हरले की पोरे घरी बसतात. राजूरकरांनो, सुगी आटोपल्यावर शेजारच्या तीन गावांना बोलावून साखळी भरवा. चार संघांचे सहाच सामने होतात, पण प्रत्येक पोराला तीनदा खेळायला मिळते.