लाळ का गळते?

कंपवात म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे थरथरणारा हात येतो. परंतु लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगावर जो निबंध लिहिला, त्यात लाळ गळण्याची आणि गिळताना होणाऱ्या त्रासाचीही नोंद आहे.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती आपण नकळत गिळत असतो, म्हणून जाणवत नाही. या रोगात मेंदूतील डोपामीन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात आणि आपोआप घडणाऱ्या हालचाली मंदावतात. चालताना हात हलत नाहीत, पापण्या कमी लवतात. तसेच गिळणेही कमी होते. त्यात मान पुढे झुकलेली आणि ओठ अर्धवट उघडे. म्हणजे लाळ जास्त सुटते असे नव्हे. ती गिळली जात नाही, इतकेच.

हे ठाऊक नसल्याने केवढा अन्याय होतो! माझ्या आजोबांची लाळ गळू लागली, तेव्हा गल्लीतले लोक त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावे तसे बोलू लागले. बुद्धी शाबूत असलेल्या त्या माणसाने शेवटी लग्नकार्याला जाणेच सोडले.

लाजेपेक्षाही मोठा धोका निराळाच आहे. अन्नाचा कण किंवा पाणी श्वासनलिकेत उतरते आणि कित्येकदा साधा ठसकाही लागत नाही. त्यातून होणारा न्यूमोनिया हे या रुग्णांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. जेवायला फार वेळ लागणे, पाणी पिताना खोकला येणे, जेवणानंतर आवाज ओलसर होणे, वजन घटणे, ही लक्षणे दिसताच डॉक्टरांना सांगावे. वाचा-उपचारतज्ज्ञ गिळण्याची तपासणी करून व्यायाम शिकवतात. लाळग्रंथीत बोटुलिनमचे इंजेक्शन दिल्यास काही महिने लाळ कमी होते. लाळ सुकवणाऱ्या काही गोळ्यांनी मात्र वृद्धांना भ्रम होऊ शकतो; त्या आपल्या मनाने देऊ नयेत.

घरच्यांनी करण्याजोगे पुष्कळ आहे. रुग्णाला ताठ बसवावे, लहान घास द्यावा, पहिला घास उतरल्याशिवाय दुसरा देऊ नये, जेवताना बोलायला लावू नये. आपोआप होणारे गिळणे मंदावले, तरी आठवण दिल्यास ते मुद्दाम करता येते. म्हणून अधूनमधून हळूच "एकदा गिळा" म्हणावे. एवढ्यासाठी ना पैसा लागतो ना पदवी. जवळ बसणारे माणूस मात्र लागते.