तुपाचे रवे आणि मुंबई हायचं तेल

मावळात इंद्रायणीच्या वाफाळत्या भातावर तूप वाढलं, की नजर आधी रव्यांकडे जाते. लोणी कढवून झालं की पातेलं ओट्याच्या कोपऱ्यात ठेवायचं, आणि निवेपर्यंत हात लावायचा नाही. तेच कढत तूप दोन वाट्यांत ओतून एक वाटी फ्रीजमध्ये ठेवून पाहा. तिच्यातलं तूप गुळगुळीत, घट्ट, ओट्यावरचं रवाळ. पातेलं एक, तूप एक, फरक पडला तो निवण्याने!

लोणावळ्याचा घाट उतरून उरणला गेलं, की याच गोष्टीचं अजस्र रूप भेटतं. 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या जहाजाने शोधलेल्या मुंबई हाय या तेलक्षेत्राचं तेल समुद्रतळावरच्या नळातून सुमारे 200 किलोमीटर वाहत तिथे येतं. या तेलात मेण भरपूर. साधारण 30 अंशांखाली ते स्थिर ठेवलं की थिजतं. लोणावळ्याच्या डिसेंबरात रात्रभर बाहेर ठेवलेली त्याची बाटली सकाळी उलटी केली, तरी थेंब पडायचा नाही.

गरम तेलात मेण विरघळलेलं असतं. तापमान उतरलं की मेणाचे लांबुळके रेणू शेजारी-शेजारी रचत जातात, त्यांचे पातळ पापुद्रे होतात आणि पापुद्रे एकमेकांत अडकून जाळं विणतात. शंभर भागांत जेमतेम दोन भाग मेण असं बाहेर पडलं, तरी बाकीचं सगळं द्रव तेल त्या जाळ्यात कोंडलं जाऊ शकतं!

तेल वाहता वाहता निवलं, तर जाळं विणतानाच तुटत राहतं. पंप थांबून तेल नळात स्वस्थ निवलं, तर वीण पक्की होते. मग पंप पुन्हा सुरू करताना आधी ती तोडण्याइतका जोर लावावा लागतो.

आसामच्या मेणाळ तेलावर ऑइल इंडिया कंपनीने निवण्याच्या याच गुणाचा उपयोग केला. नहरकटियाहून नळातून बरौनीकडे निघण्याआधी तेल 90 अंशांहून जास्त तापवायचं, म्हणजे जुने स्फटिक पार विरघळतात. मग ठरावीक गतीने निववायचं, म्हणजे नवे स्फटिक आटोपशीर पुंजक्यांत जमतात आणि त्यांच्यामधून तेलाला वाट राहते.

तापमापी सांगते ते आत्ताचे अंश. तिथवर तेल कसं पोचलं, हे स्फटिकांत लिहिलेलं असतं. पुढच्या वेळी तूप कढवाल, तेव्हा चमचाभर रवे उजेडात धरून बघा. ते पातेलं किती शांतपणे निवलं, ते तुम्हाला तिथेच वाचता येईल.